चौकशी आणि गिऱ्हाईक

त्र्यंबकेश्वरच्या नारायण नागबळी विधीला तीन दिवस लागतात. त्याची तारीख बहुतेकदा फोनवरच ठरते. या विधीची जाहिरात गुगलवर केली, तरी तारीख पक्की झाल्याचे गुगलच्या जाहिरातयंत्रणेला आपोआप कळत नाही. जाहिरातीवर क्लिक झाले की पानाच्या पत्त्याला ‘जीसीएलआयडी’ ही ओळखखूण जोडली जाते. फॉर्म भरला गेला की पानावरचा टॅग (मोजणीचा छोटा कोड) ‘कन्व्हर्जन’, म्हणजे जाहिरातीचे फलित, नोंदवतो. पण फॉर्म भरणाऱ्यांत नुसती दक्षिणा विचारणारे, खोलीभाड्याची चौकशी करणारे, चुकीचा नंबर देणारेही असतात. सगळे एकाच मापाने मोजले, तर जाहिरातीच्या जागेसाठी लागणारी गुगलची स्वयंचलित बोली स्वस्त चौकशांमागेच धावते. उपाय कंटाळवाणा, पण खात्रीचा: ओळखखूण चौकशीसोबत जपायची आणि ज्यांची तारीख पक्की झाली त्यांचीच नोंद ९० दिवसांच्या आत गुगलकडे पाठवायची. ‘फुकट’, ‘पीडीएफ’ असले शोधशब्द जाहिरातीतून आधीच वगळलेले बरे.