दंड भरून लागलेली लग्ने

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना सयाजीराव महाराजांच्या सुधारणांचा अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. त्यांपैकी १९०४ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याची हकिकत मात्र थोडी निराळी आहे. मुलीला बारा व मुलाला सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी लग्न लावणाऱ्या पालकांना या कायद्याने दंड ठेवला होता.

संस्थानच्या उत्तर भागात कडवा पाटीदारांची रीत अशी, की लग्नाचा मुहूर्त नऊ-दहा वर्षांतून एकदाच निघे. उंझ्याच्या उमियामातेच्या स्थानी तिथी ठरे आणि त्या दिवशी पाळण्यातल्या मुलींचीही लग्ने उरकली जात. वर मिळालाच नाही, तर मुलीचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावीत. पुढे तो गुच्छ विहिरीत टाकला, की मुलगी 'विधवा' ठरे. आणि विधवेच्या 'नातऱ्या'ला मुहूर्ताचे बंधन नसल्याने तिचा संसार सोयीने थाटता येई. या युक्तीला दाद द्यावी की कपाळाला हात लावावा, हे आम्हांस कळत नाही.

अशा रीतीपुढे दंडाचा धाक कितीसा? लोकांनी दंड भरला आणि लग्ने लावली. मांडव, वाजंत्री, जेवणावळ यांच्या जोडीला खर्चाची आणखी एक बाब, इतकेच! १९०६ साली महाराजांनी मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आमच्या मते ते पाऊल अधिक खोल रुजले.

ब्रिटिश हिंदुस्थानात हरबिलास सारडांचा कायदा १९२९ साली संमत झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी लगीनघाई करून घेतली. १९३१ च्या जनगणनेत तिचे प्रतिबिंब पडले. पुढे १९७८ मध्ये मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी अठराच्या आत विवाह झालेल्या २००५-०६ मध्ये सत्तेचाळीस होत्या, २०१९-२१ मध्ये तेवीस.

आज लागू असलेल्या २००६ च्या कायद्यातील एक मेख घरोघरी ठाऊक असावयास हवी. बालविवाह एकदा लागला, की बहुतेक राज्यांत तो आपोआप रद्द होत नाही. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करून तो रद्द करून घेण्याचा भार त्या मुलीवरच पडतो. सासरी नांदणाऱ्या, कदाचित कडेवर मूल असलेल्या मुलीने न्यायालयाची पायरी कशी चढावी? कर्नाटकाने २०१७ पासून असा विवाह मुळातच रद्दबातल ठरविला आहे. बेळगावकडील आमच्या वाचकांनी हा फरक ध्यानी घ्यावा. परंतु दंडाधिकाऱ्याने आधीच मनाई हुकूम दिला असेल, तर तो मोडून लावलेले लग्न देशात कोठेही रद्दबातलच असते. त्यासाठी तक्रार कोणालाही करता येते. शेजारच्या घरी अशा लग्नाची पत्रिका छापल्याचे कानी आले, तर अक्षता पडण्यापूर्वी १०९८ हा क्रमांक फिरवावा.