डोंगरउतारावरची लाल वाइन : उंचीने चव का बदलते?

(प्रतिनिधी)

फैजपूर : उन्हाळ्यातील होरपळ, हिवाळ्यातील चरका, वादळी वारे आणि सीएमव्हीसारखे रोग यांनी त्रस्त झालेला यावल-रावेर पट्ट्यातील केळी उत्पादक अधूनमधून नव्या पिकाचा विचार करतो, तेव्हा नाशिकच्या द्राक्षबागांकडे त्याची नजर हमखास वळते. नाशिकला वाइनची द्राक्षे पिकतात, मग सातपुड्याच्या पायथ्याशी का पिकू नयेत, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र, त्याचे उत्तर जमिनीपेक्षा हवेत, विशेषतः रात्रीच्या हवेत दडलेले आहे. डोंगराळ प्रदेशातील लाल वाइनला स्वतःचा स्वभाव कोठून मिळतो, हे त्यासाठी समजून घ्यावे लागेल.

रंग रसात नसतो, सालीत असतो

काळ्या द्राक्षाचा गर पिळला, तर निघणारा रस जवळजवळ रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग, तिचा तुरटपणा आणि बराचसा सुगंध सालीतून येतो. म्हणूनच लाल वाइनसाठी रस सालीसह आंबवला जातो. पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच बाजूला काढतात. सालीतील रंगद्रव्यांना अँथोसायनिन, तर तुरट घटकांना टॅनिन म्हणतात. मणी लहान आणि साल जाड असेल, तर रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण वाढते आणि वाइन गडद व भारदस्त होते. खाण्याच्या द्राक्षात ग्राहकाला याच्या नेमके उलट हवे असते : मोठा मणी, पातळ साल आणि बी नसलेला गर.

उंची काय करते?

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. हवा विरळ व कोरडी असल्याने दिवसा ऊन प्रखर लागते आणि रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते. अतिनील किरणांचे प्रमाणही उंचीबरोबर वाढते. या किरणांपासून बचावासाठी मणी सालीत रंगद्रव्ये व टॅनिन अधिक साठवतो.

दुसरी गोष्ट आम्लतेची. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन मुख्य आम्ले असतात. पिकताना साखर चढते आणि मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते. हा खर्च उष्ण रात्री जास्त, तर थंड रात्री कमी होतो. त्यामुळे उष्ण सपाटीवरील द्राक्ष गोड होते, पण त्याची वाइन बोथट लागते. वाइन तयार करणाऱ्याला मग वरून टार्टारिक आम्ल घालावे लागते. थंड रात्रींच्या प्रदेशात साखरेबरोबर आंबटपणाही टिकतो आणि वाइनला ताजेपणा येतो. तापमान ३५ अंशांच्या पुढे राहिले, तर रंगद्रव्ये तयार होण्याचा वेगही मंदावतो.

अर्जेंटिनातील मेंदोसा प्रांत हे याचे उत्तम उदाहरण. अँडीज पर्वताच्या कुशीतील उको खोऱ्यात साधारण हजार ते दीड हजार मीटर उंचीवर माल्बेक जातीच्या बागा आहेत. फ्रान्समधून आलेल्या या जातीला तेथे गडद जांभळा रंग आणि खणखणीत आम्लता लाभली.

सह्याद्रीचे गणित वेगळे

नाशिकची उंची सुमारे सहाशे मीटर. अँडीजच्या मानाने ती किरकोळ. शिवाय २० अक्षांशावरील हा उष्ण कटिबंध. तरीही तेथे चांगली लाल वाइन होते, याचे श्रेय उंचीइतकेच छाटणीच्या वेळापत्रकाला द्यावे लागते. युरोपात वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि द्राक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तोडले जाते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या घेतात. त्यामुळे मणी थंडीच्या दिवसांत वाढतो व जानेवारी ते मार्चदरम्यान काढणीला येतो. डोंगर जे काम उंचीने करतो, त्यातील बरेचसे येथे ऋतू करतो.

शिराझ ही जात नाशिकमध्ये चांगली रुजली. तिच्या वाइनमध्ये जांभळासारख्या फळाबरोबर मिऱ्याचा गंध जाणवतो. ही केवळ उपमा नव्हे. रोटुंडोन नावाचे जे द्रव्य काळ्या मिऱ्यात असते, तेच शिराझच्या सालीत सापडते आणि थंड जागी त्याचे प्रमाण अधिक आढळते.

मग फैजपूर का नाही?

फैजपूरचा परिसर सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे. नाशिकपेक्षा साडेतीनशे मीटर खाली, म्हणजे केवळ उंचीच्या हिशेबाने दोन-सव्वादोन अंशांचा फरक. डिसेंबर-जानेवारीत जळगाव जिल्ह्यातही रात्री चांगल्या थंड असतात, हे केळीला चरका बसलेला कोणताही शेतकरी सांगेल. अडचण नंतर येते. लाल जातींना रंग व टॅनिन पक्व होण्यासाठी फेब्रुवारी-मार्चपर्यंत वेलीवर राहावे लागते आणि तापीच्या खोऱ्यात तेव्हाच पारा वेगाने चढू लागतो. साखर भराभर चढते, आम्ल उतरते आणि साल मात्र मागे राहते.

सातपुड्याच्या माथ्यावर हवा निश्चितच थंड आहे. तोरणमाळ हजार मीटरहून उंच आहे. परंतु या रांगांचा मोठा भाग वनक्षेत्र व आदिवासी वस्तीचा आहे. वनजमिनीवर बागा उभारता येत नाहीत आणि आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित करण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. त्यामुळे उंची असूनही तेथे व्यापारी वाइन-बागांचा मार्ग सोपा नाही.

बाजाराचा धडा

चवीइतकाच महत्त्वाचा प्रश्न खरेदीदाराचा आहे. महाराष्ट्रात नारायणगावला १९८०च्या दशकात वाइन उद्योगाची पायाभरणी झाली. नाशिकला सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष वाइन धोरण जाहीर करून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि वाइनच्या द्राक्षांचे क्षेत्र झपाट्याने वाढले. मात्र, २००८-०९ मध्ये जागतिक मंदी व मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन थंडावले, मागणी घसरली आणि माल पडून राहिला. नाशिक परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी तेव्हा वाइनच्या वेली उपटून टाकल्या.

या वेलींचे दुखणे असे, की त्यांचा माल दुसरीकडे खपत नाही. लहान मणी, बिया आणि जाड साल हे वाइनसाठी गुण. खाण्याच्या बाजारात तेच अवगुण. केळीचा भाव पडला तरी केळीला गिऱ्हाईक असते. वाइनच्या द्राक्षाला जवळची वायनरी नसेल, तर कोणीच नसते. शिवाय गुणवत्तेसाठी वेलीवर घड मुद्दाम कमी ठेवतात. म्हणजे टनेज कमी आणि सारी भिस्त भावावर.

तेव्हा नव्या पिकाचा विचार करणाऱ्याने रोपे आणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : फेब्रुवारी-मार्चमधील आपल्या शेतातील रात्रीचे तापमान, काढणीच्या दिवशी माल पोचू शकेल इतक्या अंतरावरील वायनरी आणि तिच्याशी भावासह झालेला लेखी करार. पहिली गोष्ट निसर्गाच्या हाती आहे. उरलेल्या दोन वेल लावण्याआधीच पक्क्या करता येतात.