ऑपरेशननंतरचा हात: काय खरं, काय ऐकीव

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बाई घरी आली की पहिला सल्ला मिळतो तो हाताबद्दल. "त्या हाताला अजिबात हलवू नकोस, टाके उसवतील." सांगणारी आई असते, सासूबाई असतात, कधी शेजारच्या काकू. माया खरी असते. मग तो हात पोटाशी धरून, पदराखाली झाकून ठेवला जातो. पुढे रेडिएशनच्या टेबलावर झोपवून हात डोक्याच्या वर घ्यायला सांगतात, तेव्हा तो खांद्याच्या वर जातच नाही, आणि उपचार तिथेच अडतो.

छातीच्या ऑपरेशननंतर हात का दुखावा, हे अनेकींना कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. उत्तर काखेत आहे. कॅन्सर पसरला आहे का हे पाहायला काखेतले नोड, म्हणजे लसीका ग्रंथी काढतात. कधी मोजक्या, कधी बऱ्याचशा. त्याच जागेतून दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस ओढली जाते, कधी कापलीही जाते. छातीच्या स्नायूंवर व्रण धरतो. रेडिएशनने कातडी आणि आतले थर आणखी आवळतात. त्यात हात हलवायचा नाही म्हटल्यावर खांदा आखडणारच.

म्हणून पहिला गैरसमज हाच दूर करायला हवा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणं-मिटणं, कोपर दुमडणं, खांदे गोल फिरवणं एवढं बहुतेकींना करता येतं. ड्रेनची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीपर्यंतच न्यायचा, कारण फार लवकर फार वर नेला तर जखमेतून पाणी जास्त येतं. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की भिंतीचा व्यायाम सुरू. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी भिंत चढत जायचं, जिथे ओढ बसते तिथे दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि पेन्सिलीने खूण करायची. खूण वर सरकताना दिसली की दुखणं सोसण्याचं बळ येतं. ब्रिटनमधल्या 392 स्त्रियांचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या या स्त्रियांपैकी ज्यांना फिजिओथेरपिस्टने आठवड्या-दहा दिवसांत व्यायाम सुरू करून दिला, त्यांचा हात वर्षभरानंतर जास्त चांगला चालत होता आणि वेदनाही कमी होती. जखमेचे त्रास त्यामुळे वाढले नाहीत. स्तनाची पुनर्रचना केली असेल तर वेळापत्रक वेगळं असतं. ते सर्जनांनाच विचारावं.

"दंड बधिर झालाय, म्हणजे हात लुळा पडणार" ही दुसरी भीती. काखेतून दंडाकडे जाणारी ती नस फक्त स्पर्शाची आहे. हात हलवण्याशी तिचा संबंध नाही. तिच्यामुळे काखेत आणि दंडाच्या आतल्या अंगाला बधिरपणा येतो, कधी आग होते, मुंग्या येतात, ब्लाउजची बाही घासली तरी सहन होत नाही. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी: बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

काहींना ऑपरेशननंतर काही आठवड्यांत हात वर करताना काखेतून कोपराकडे, कधी मनगटापर्यंत, ताणलेल्या तारेसारखी दोरी उठलेली दिसते. नवी गाठ आली या धास्तीने झोप उडते. बहुतेक वेळा ती गाठ नसते. काखेतल्या शस्त्रक्रियेनंतर लसीकावाहिन्यांच्या कडेने असे पट्टे धरतात आणि नेमाने ताणाचे व्यायाम केले की बहुतेकींचे दोन-तीन महिन्यांत विरतात. डॉक्टरांना दाखवावं, पण हात खाली बांधून ठेवू नये.

आता सूज. "या हाताने आयुष्यभर वजन उचलायचं नाही" हे वाक्य इतकं पक्कं बसलंय की पाण्याची कळशी किंवा नातवाला उचलताना बायकांना अपराधी वाटतं. काखेतले बरेचसे नोड काढलेल्या साधारण पाचांतल्या एकीला हातावर सूज येते. मोजके काढले असतील तर हे प्रमाण बरंच कमी असतं. म्हणजे सूज अटळ नाही. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरुवात करून वर्षभर वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही. ती अचानक बळावण्याचे प्रसंग उलट कमी झाले. झेपेल तसं हळूहळू वाढवत जाणं चांगलं. महिनोन्महिने काही न करता एक दिवस भरलेला सिलेंडर ओढणं वाईट.

सूज ओळखायला आपल्याकडे बांगड्या आहेत. एका हातात सहज जाणारी बांगडी दुसऱ्या हातात अडकू लागली, अंगठी रुतू लागली, हात जड वाटू लागला की लगेच दाखवायचं. सुरुवातीला पट्टी, दाबाची बाही आणि व्यायाम यांनी ती आटोक्यात राहते. गरम तेलाने जोरजोरात मालीश करून ती उतरत नाही. त्यासाठीचं मालीश कातडी जेमतेम सरकेल इतकं हलकं असतं आणि शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावं. विदर्भात, जिथे हत्तीरोग आढळतो, तिथे सुजलेला हात पाहून लोक हत्तीरोगच समजून बसतात. म्हणून आपल्या ऑपरेशनची माहिती प्रत्येक डॉक्टरला द्यावी.

त्या हाताला सुई टोचली किंवा बीपी मोजलं तर हात सुजणारच, असंही नाही. बॉस्टनमधल्या 632 स्त्रियांच्या 2016 सालच्या अभ्यासात तसा संबंध दिसला नाही. जंतुसंसर्ग आणि जास्त वजन यांचा मात्र संबंध दिसला. दुसरा हात मोकळा असेल तर तोच पुढे करावा, पण तातडीच्या वेळी हट्ट धरू नये. खुरपणी करताना, भांडी घासताना हातमोजे घालणं, चटका किंवा काटा लागला तर जागा धुऊन औषध लावणं जास्त मोलाचं. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना.

सगळ्यांत जास्त हानी मला वाटतं "जीव वाचला ना, मग एवढं सोसायचं" या समजुतीने होते. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनला दोन-तीन वर्षं झालेल्या स्त्रियांना विचारलं, तर जवळजवळ निम्म्या म्हणाल्या, दुखतं. हे कुणाच्या मनाचे खेळ नाहीत. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टर ठरवतील. कॅन्सरसाठीची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण काही औषधांनी तिचा परिणाम कमी होतो. कॅन्सरसाठीच्याच लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सकाळी बोटं, मनगटं, खांदे आखडतात. त्यावरही उपाय आहेत, म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

राहिला मनातला प्रश्न: दुखतंय म्हणजे कॅन्सर परत आला का? बहुतेक वेळा नाही. पण काही खुणा दिसल्या तर थांबू नये. वेदना नव्याने सुरू होऊन वाढतच चालली, रात्री झोपेतून उठवू लागली, हातातली ताकद कमी होऊन कप निसटू लागला, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जा. हात एकाएकी सुजून निळसर झाला तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा त्याच तासाला निघा. जाताना आधीचे सगळे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या, आणि दुखणं केव्हा सुरू झालं, नेमकं कुठे आहे, जळतं की ठणकतं की ओढतं, हे एका चिठ्ठीवर लिहून न्या.