पाहुणे गेल्यावर जंगलात काय उरते?

साक्री तालुक्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळ बारीपाडा नावाचा कोकणी आदिवासींचा छोटा पाडा आहे. तिथे २००४ पासून वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. जंगलातून आणलेल्या भाज्या शिजवून गावच्या बायका त्या मांडून बसतात. कोणती भाजी कुठे उगवते, तिचे काय खायचे आणि काय टाकायचे, हे आलेल्या पाहुण्यांना त्याच सांगतात. धुळ्या-जळगावकडून आणि त्याहून लांबून लोक हे बघायला नि खायला येतात.

पस्तीस वर्षांपूर्वी इथे बघण्यासारखे काही नव्हते. डोंगर उघडे पडले होते, पाण्यासाठी पायपीट होती आणि कामासाठी गाव सोडावे लागे. शिक्षण पूर्ण करून गावी परतलेले चैत्राम पवार यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गावकऱ्यांना एकत्र केले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचे नियम गावाने स्वतःच केले, मोडणाऱ्याला दंड ठेवला, राखणदार नेमले. आज सुमारे ४४५ हेक्टर जंगल हे गाव सांभाळते. पवार यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली.

हे जंगल परतले कसे, हे समजण्यासारखे आहे. तोडलेल्या सागाचे किंवा इतर अनेक झाडांचे खोड मेलेले दिसले, तरी मुळे जमिनीत जिवंत असतात. दरवर्षी फुटवे येतात आणि दरवर्षी ते गुरे खातात किंवा सरपणात जातात. ही तोड थांबली की तयार मुळांच्या जोरावर ते फुटवे नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. जोडीला उतारावर समतल चर आणि नाल्यांवर छोटे बांध घातले, की पळणारे पाणी अडते आणि मुरते. पाचोळा कुजून माती भुसभुशीत होते, ती आणखी पाणी धरते. मग विहिरींना पाणी टिकते आणि भाताचे पीक हाती लागते. वनभाज्या या साखळीच्या शेवटी येतात. सावली आणि ओल नसेल तर त्यातल्या कितीतरी उगवतच नाहीत.

अशा प्रवासाला आता ‘रिजनरेटिव्ह टूरिझम’ म्हणतात. मराठीत पुनरुज्जीवी पर्यटन म्हणता येईल, पण शब्दापेक्षा फरक लक्षात घ्यावा. अजिंठ्याला जाताना आपली गाडी अलीकडे ठेवून बसने लेण्यांपर्यंत जावे लागते. माणसांच्या श्वासातली वाफ आणि वाहनांचा धूर चित्रांना मारक, म्हणून ही काळजी. हे झाले नुकसान कमी करणे. पुनरुज्जीवी पर्यटनाची अपेक्षा त्यापुढची आहे: पाहुणा आल्यामुळे जागा आधीपेक्षा बरी व्हावी. कोकणात वेळासला समुद्री कासवांची पिल्ले बघायला येणारे लोक गावातल्या घरांतच उतरतात, जेवतात. घरटी राखण्यात गावाला स्वारस्य राहते ते त्यामुळेच. बारीपाड्यात मात्र क्रम वेगळा होता. आधी जंगल, मग पाणी, मग पोटापाण्याची सोय आणि पाहुणे सगळ्यांत शेवटी. उलट क्रमाने, म्हणजे आधी रिसॉर्ट आणि मग झाडे, असे काही साधेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

आता ताटातल्या भाजीकडे. टाकळा, कुर्डू, करटोली, बांबूचे कोंब, शेवळे या भाज्यांत तंतू आणि खनिजे चांगली असतात. नागलीच्या भाकरीबरोबर कॅल्शियमही मिळते. पण रानातले म्हणजे निर्धोक, हा शहरी गैरसमज आहे. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून ते चिंचेसारख्या आंबट पदार्थासोबत नीट शिजवावे लागते. बांबूच्या कोवळ्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे कोंब उकळून पाणी फेकून देतात. कळलावीचा कंद तर जीवघेणा. हे ज्ञान त्या बायकांच्या हातात आहे. स्पर्धेमुळे त्याला मान मिळाला आणि मुलींनाही ते शिकावेसे वाटले, तर तो लाभ पैशात मोजता येणार नाही.

धोकेही आहेत. पाहुणे वाढले की मागणी वाढते आणि मागणी वाढली की कंद मुळासकट उपटले जातात. किती माणसे यावीत, भाजी किती काढावी, हे गावानेच ठरवायला हवे. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे, तो इथे कामाचा ठरतो.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळचे पाटणादेवी हे गौताळा अभयारण्यातले ठिकाण. चंडिकादेवीचे मंदिर, भास्कराचार्यांची आठवण, पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा. डबा घरून, पेट्रोल शहरातून, पाण्याची बाटलीही शहरातूनच, अशी सहल झाली तर परिसराच्या वाट्याला फक्त रिकामी बाटली येते. त्याऐवजी पायथ्याच्या गावात आधी सांगून भाजी-भाकरीचे जेवण घ्यावे, वाटाड्या म्हणून तिथलाच माणूस न्यावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. बारीपाड्यालाही न कळवता जाऊ नये. तिथे शेतीची कामे चालू असतात.