फॅन आर्ट टाकायचं कुठे?

चित्र काढून झालं की पुढचा प्रश्न: लिंक कुठली द्यायची? माझं मत आधीच सांगते, 'फुकट आणि कायमचं' म्हणणाऱ्या, चित्रं ठेवायच्या साइटच्या भरवशावर राहू नका. फोटोबकेटने २०१७ मध्ये इतर साइटवर चित्रं दाखवायला अचानक वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि कितीतरी जुन्या पोस्टमध्ये चित्राच्या जागी नुसती पाटी उरली. टायनीपिक २०१९ मध्ये बंदच पडलं. इमगरने मे २०२३ पासून खात्याविना अपलोड केलेली, पडून राहिलेली जुनी चित्रं काढायला घेतली; नग्नचित्रंही. तेव्हा इमगर वापरायचंच तर खातं उघडून.

लिंकपुरतं नको, बघणारेही हवेत? मग २००७ पासूनचं जपानी पिक्सिव्ह. अ‍ॅनिमे-मांगावाली मंडळी तिथेच जमतात. मालिकेचं आणि पात्राचं नाव जपानी लिपीत टॅग करा, शोधणाऱ्यांना पटकन सापडतं. डेव्हियंटआर्ट त्याहून जुनं, पण २०२२ मध्ये त्यांनी एआय चित्रांचं साधन आणलं आणि बरेच चित्रकार भडकले. रागावण्यासारखंच होतं म्हणा.

फाइलचंही बघा. सपाट रंग, बारीक काळ्या रेघा असतील तर पीएनजीच. जेपीईजी फार दाबली की रेघेच्या कडेला राखाडी मळ धरतो; केसांच्या बटा झूम करून बघा, लगेच दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सही कोपऱ्यात केली तर लोक कापून टाकतात, ती पात्राच्या कपड्याच्या चुणीत घाला. लेयरवाली मूळ फाइल मात्र कुठेच अपलोड करायची नाही, ती आपल्या हार्डडिस्कवर.