२१ किताब, पण ग्रँड फायनल ७

रग्बी लीगमधला सर्वांत मोठा क्लब कोणता, हा प्रश्न निघाला की उत्तरादाखल किताबांचे आकडे पुढे येतात. ऑस्ट्रेलियात साउथ सिडनीचे २१, सेंट जॉर्जचे १५, सिडनी रूस्टर्सचेही १५. इंग्लंडमध्ये विगनचे २४. हे आकडे खरे आहेत, मात्र त्यांच्यावरून काढला जाणारा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा असतो. २१ किताब म्हणजे २१ वेळा जिंकलेला अंतिम सामना, असे वाचणारा सहज धरून चालतो. साउथ सिडनीच्या बाबतीत तसे मुळीच घडलेले नाही. हा खेळ १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमधल्या बैठकीत रग्बी युनियनपासून वेगळा झाला. सामन्यासाठी रोजगार बुडवणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई द्यावी, असे उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांचे म्हणणे होते. तेव्हापासून विजेता ठरवण्याची पद्धत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत अनेकदा बदलली. त्यामुळे अंतिम सामन्यांची कोणतीही तुलना त्या त्या हंगामाची रचना समोर ठेवूनच करावी लागते. रचना वगळली, तर उरलेला आकडा दिशाभूल करतो.

सिडनीची स्पर्धा १९०८ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला. साउथ सिडनीने ईस्टर्न सबर्ब्जला १४-१२ ने हरवले. पुढच्या वर्षी बाल्मेनचा संघ अंतिम सामन्याला मैदानावर आलाच नाही, आणि किताब पुन्हा साउथ सिडनीकडे गेला. त्यानंतर कित्येक हंगाम असे झाले की गुणतक्त्यात जो पहिला, तोच विजेता. बरोबरी झाली तरच निर्णायक सामना. १९२५ मध्ये साउथ सिडनी एकही सामना हरला नाही आणि अंतिम सामना न खेळताच विजेता ठरला. १९२६ पासून पहिल्या चार संघांत बाद सामने होऊ लागले, पण तक्त्यात अव्वल असलेल्या संघाला एक खास हक्क होता. तो वाटेत हरला, तरी अखेरीस आव्हान देऊन आणखी एक सामना मागू शकत असे. म्हणजे त्या काळात शेवटचा सामना कोणता हे आधी सांगताच येत नसे. दरवर्षी न चुकता होणारा अंतिम सामना, ज्याला तिथे ‘ग्रँड फायनल’ म्हणतात, तो १९५४ पासूनचा.

आता १९५४ ही रेघ ओढून हिशेब मांडू. साउथ सिडनीच्या २१ किताबांपैकी या रेघेनंतरचे फक्त ७ आहेत : १९५४, १९५५, १९६७, १९६८, १९७०, १९७१ आणि २०१४. रूस्टर्सच्या १५ पैकी ६. सेंट जॉर्जच्या १५ पैकी मात्र १३, आणि त्यातले ११ सलग, १९५६ ते १९६६. पहिला क्रमांकच बदलतो. यावर कुणी म्हणेल, मग जुने किताब बाद करा. ते अन्यायाचे होईल. १९२५ चा नियम सर्व संघांना हंगामाआधीच ठाऊक होता आणि त्या नियमाने जो सर्वांत चांगला खेळला, त्यालाच किताब मिळाला. संपूर्ण हंगाम अपराजित राहणे हे एका दुपारी जिंकण्यापेक्षा हलके काम नव्हे. दोन्ही यश खरे आहे, फक्त ते एकाच रकान्यात मांडता येत नाही.

दुसरा गैरसमज टक्केवारीचा आहे. खेळलेल्या अंतिम सामन्यांपैकी किती जिंकले, हे प्रमाण काढले की तुलना न्याय्य झाली असे वाटते. १९५४ नंतर साउथ सिडनीने १० पैकी ७ अंतिम सामने जिंकले, सेंट जॉर्जने १९ पैकी १३. (१९७७ ची पॅरामॅटाविरुद्धची लढत ९-९ अशी बरोबरीत सुटली आणि पुन्हा खेळवली गेली, ती मी एकच धरली आहे.) टक्केवारीत साउथ सिडनी किंचित पुढे आहे. पण सेंट जॉर्जने ९ वेळा जास्त अंतिम फेरी गाठली, हे या टक्केवारीत कुठेच दिसत नाही. अंतिम सामना हरणाऱ्याच्या नावावर पराभव लागतो आणि त्याआधीच बाद झालेल्याची पाटी कोरी राहते, हा या हिशेबातला मूळ दोष आहे. ब्रिस्बेन ब्रॉन्कोज १९८८ मध्ये स्पर्धेत आला आणि २०१५ पर्यंत त्याने खेळलेले सहाच्या सहा अंतिम सामने जिंकले होते. २०१५ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंडकडून आणि २०२३ मध्ये पेनरिथकडून तो हरला, तेव्हा शंभर टक्के गेले. पण ज्या वर्षी संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचलाच नाही, त्या वर्षापेक्षा २०१५ चे वर्ष वाईट होते, असे कोण म्हणेल?

याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. तिथल्या सुपर लीगमध्ये १९९८ पासून अंतिम सामन्याने विजेता ठरतो. लीड्सने ११ पैकी ८ अंतिम सामने जिंकले, सेंट हेलेन्सने १४ पैकी ९. सेंट हेलेन्स २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षे अंतिम सामना हरला. त्यावरून ‘मोठ्या सामन्यात कच खाणारा संघ’ असा शिक्का त्याच्यावर बसला, तर लीड्सला नेमक्या वेळी उभा राहणारा संघ म्हणून मान मिळाला. आता गुणतक्ता पाहा. १९९८ नंतर सेंट हेलेन्स नऊ वेळा तक्त्यात पहिला आला, लीड्स तीन वेळा. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी लीड्स पाचव्या क्रमांकावरून विजेता झाला. तेव्हा पहिल्या आठ संघांना बाद फेरीत जागा होती. २०१५ ते २०१८ या काळात पहिल्या चारांनाच प्रवेश होता. तो नियम आधीच असता, तर लीड्सचे हे दोन किताब शक्यच नव्हते. लीड्सचे श्रेय यामुळे कमी होत नाही, कारण समोर ठेवलेल्या नियमांत तो जिंकला. मात्र ‘लीड्स श्रेष्ठ आणि सेंट हेलेन्स कमकुवत मनाचा’ हा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो : दडपणाखाली जिंकणे हीच खरी कसोटी, मग तक्ता कशाला पाहायचा? मी तो आक्षेप अर्धाच मान्य करतो. दडपण पेलणे हे कौशल्य आहेच. पण ८० मिनिटांच्या एका सामन्यात दुखापत, पाऊस आणि पंचांचा एखादा निर्णय यांचाही वाटा असतो. २०१७ मध्ये कॅसलफर्ड तब्बल १० गुणांनी तक्त्यात पहिला आला. विजयाला दोन गुण, म्हणजे पाच विजयांची आघाडी. अंतिम सामन्यात तो लीड्सकडून ६-२४ असा हरला. त्या एका संध्याकाळीने आधीचे कित्येक महिने खोटे ठरले असे मला वाटत नाही. उलट बाजूचे लोक म्हणतात, मग फुटबॉलसारखा तक्त्यातल्या पहिल्यालाच किताब द्या. तेही सरळ नाही, कारण इथला तक्ता समान सामन्यांचा नसतो. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये २०२३ पासून १७ संघ आहेत आणि प्रत्येकाचे २४ साखळी सामने होतात. म्हणजे प्रत्येक संघ १६ प्रतिस्पर्ध्यांपैकी आठांशी दोनदा आणि उरलेल्या आठांशी एकदाच खेळतो. कुणाच्या वाट्याला कोणते आठ येतात, यावर बरेच अवलंबून असते. असा असमान तक्ता एकट्याने निवाडा करू शकत नाही, म्हणूनच बाद फेरीची गरज उरते.

बाद फेरीतही ‘हरला की बाहेर’ हा समज पूर्ण खरा नाही. केन मॅकिन्टायर या ऑस्ट्रेलियन वकिलाने १९३१ मध्ये मेलबर्नच्या फुटबॉल स्पर्धेसाठी चार संघांची योजना आखली. तिच्यात पहिल्या दोघांपैकी हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. आयपीएलमध्ये २०११ पासून क्वालिफायर आणि एलिमिनेटर हीच रचना आपण पाहतो. मॅकिन्टायरचीच आठ संघांची पद्धत एनआरएलमध्ये २०११ पर्यंत होती आणि तिच्यात पहिला संघ आठव्याशी भिडत असे. २००९ मध्ये आठव्या पॅरामॅटाने पहिल्याच आठवड्यात अव्वल सेंट जॉर्ज इलावाराला हरवले आणि पुढे अंतिम फेरी गाठली. २०१२ पासून पहिला चौथ्याशी आणि आठवा पाचव्याशी खेळतो, म्हणून ती लढत सलामीला आता होऊच शकत नाही. २०१७ मध्ये नॉर्थ क्वीन्सलंड आठव्या क्रमांकावरून अंतिम फेरीत आला, पण मेलबर्नने त्याला ३४-६ ने हरवले. आठव्या क्रमांकावरून एनआरएलचा किताब आजवर कुणीच जिंकलेला नाही.

एका वर्षी एकच विजेता, हेही नेहमी खरे नसते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या; एकीत न्यूकॅसल जिंकला, दुसरीत ब्रिस्बेन, आणि दोघांचीही नोंद आहे. याउलट मेलबर्न स्टॉर्मने पगारमर्यादा मोडल्याचे २०१० मध्ये उघड झाल्यावर त्याचे २००७ आणि २००९ चे किताब काढून घेण्यात आले. ते उपविजेत्यांना दिले गेले नाहीत. त्यामुळे मॅनली आणि पॅरामॅटा यांचे पराभव नोंदीत कायम आहेत, आणि समोरच्या विजेत्याची जागा रिकामी आहे.

विगनच्या २४ किताबांनाही हेच लागू पडते. १९८९-९० ते १९९५-९६ हे त्याचे सलग सात किताब तक्त्यातल्या पहिल्या क्रमांकाचे होते. त्या वर्षांत किताब ठरवणारा अंतिम सामनाच नव्हता. अनेकांच्या आठवणीत असलेले त्या काळातले वेम्बलीवरचे विजय चॅलेंज कपचे, म्हणजे निराळ्या बाद स्पर्धेचे. विगनने तो १९८८ ते १९९५ सलग आठ वेळा जिंकला.

तेव्हा क्रीडापानावर क्लबांचा तक्ता छापणाऱ्यांना एक विनंती आहे. किताबांच्या आकड्याशेजारी आणखी तीन रकाने द्या : त्यातले किती दरवर्षी न चुकता होणाऱ्या अंतिम सामन्यात जिंकले, किती वेळा तो अंतिम सामना गमावला, आणि साखळीत किती वेळा पहिला क्रमांक आला. साउथ सिडनीच्या ओळीत २१ च्या शेजारी ७, ३ आणि साखळीतल्या पहिल्या क्रमांकांचा आकडा छापला, की वाचक पुढचा निर्णय स्वतः घेईल.