धावपट्टीच्या मिनिटांची वाटणी

बालाघाट शहरापासून गोंदिया जिल्ह्यातील बिरसीचा विमानतळ सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरांहून दूर नाही. मध्ये वैनगंगेचे खोरे, धानाची खाचरे आणि दोन राज्यांची सीमा, एवढेच काय ते अंतर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने बांधलेली तेथील धावपट्टी आज सव्वादोन किलोमीटरांहून अधिक लांब आहे, आणि मध्यम आकाराचे जेट विमान उतरावयास ती पुरेशी आहे. तरीही दिवसाचे बहुतेक तास तिच्यावर एकही प्रवासी विमान नसते. उलट मुंबईस उतरू इच्छिणारी विमाने समुद्रावर घिरट्या घालीत आपली पाळी येण्याची वाट पाहतात. एकीकडे धावपट्टी आहे पण विमान नाही, दुसरीकडे विमाने आहेत पण धावपट्टी नाही. मग मुंबईची गर्दी बिरसीस का वळत नाही, असा प्रश्न साध्या माणसाच्या मनात उभा राहिल्यास त्यात नवल नाही.

याचे उत्तर शोधताना प्रथम विमानतळाची क्षमता कशाने मोजावयाची हे ठरविले पाहिजे. सामान्यतः लोक ती इमारतीवरून मोजतात. संगमरवरी फरशी, सरकते जिने, काचेच्या भिंती पाहिल्या की विमानतळ मोठा वाटतो. वस्तुतः इमारत वाढविता येते. वाढविता येत नाहीत ती धावपट्टीवरील मिनिटे. गोंदिया-जबलपूर या जुन्या छोट्या लाईनीने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना हे चटकन उमगेल. १९०३ ते १९०५ या वर्षांत टप्प्याटप्प्याने सुरू झालेला तो मार्ग एकेरी होता. समोरून येणारी गाडी स्थानकात शिरल्यावाचून आपली गाडी हलत नसे. स्थानक कितीही प्रशस्त बांधले असते तरी त्या लाईनीवरून दिवसात जावयाच्या गाड्यांची संख्या वाढली नसती. धावपट्टीचा न्याय तोच. तिच्यावर एका वेळी एकच विमान असू शकते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, परंतु त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एकीवर विमान धावत असता दुसरी मोकळी सोडावी लागते. कागदावर दोन, व्यवहारात एक. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये तेथे चोवीस तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली, आणि ही गोष्ट कौतुकाचीच मानली पाहिजे. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमाने हे तेथील प्रमाण होते. म्हणजे सरासरी ७८ सेकंदांस एक. एवढ्या वेळात एक विमान जमिनीला टेकावे, वेग आवरून बाजूच्या मार्गावर वळावे आणि मागच्यास जागा मोकळी करून द्यावी. वैमानिकाने वळण चुकविले तर पुढचे विमान पुन्हा आकाशात चढते व फेरा घालून परतते. त्याच्या मागची सारी रांग मग विसकटते. म्हणूनच धावपट्टीतून तिरकस निघणाऱ्या जलद वाटा बांधल्या जातात. विमान पूर्ण थांबण्याची वाट न पाहता बऱ्याच वेगाने बाहेर पडू शकते. वाचतात ते दहा-पंधरा सेकंद, पण दिवसभरात ते शेकडो वेळा वाचतात. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर एकाच धावपट्टीवरून तासाला ५५ विमानांपर्यंत वाहतूक होते, ती अशाच काटकसरीच्या बळावर.

परंतु काटकसरीलाही सीमा असते. मुंबईत विमाने चाळीस ते साठ मिनिटे आकाशात ताटकळू लागली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतील ४६ ही संख्या ४४ वर आणावयास लावली. पाणी काठोकाठ भरले की पहिल्या धक्क्यालाच सांडते. थोडा पाऊस, एखाद्या विमानाचा पाच मिनिटांचा उशीर, आणि सकाळची चूक रात्रीपर्यंत साऱ्या देशभर पसरते.

ही मिनिटे एवढी मोलाची झाल्यावर ती कोणास द्यावयाची हा प्रश्न ओघानेच येतो. जगभर याची एक ठरलेली रीत आहे. वर्षाचे दोन हंगाम मानले जातात. उन्हाळी हंगाम मार्चच्या अखेरच्या रविवारी सुरू होतो, हिवाळी ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी. विमान उतरविण्याची वा उडविण्याची ठराविक वेळ ज्या कंपनीने मागील हंगामात निदान ऐंशी टक्के दिवस वापरली असेल तिला ती पुढील हंगामात पुन्हा मिळते. न वापरली तर हक्क जातो. खेड्यातील माणसाला हे समजावून सांगावयास फार शब्द नकोत, कारण वहिवाट म्हणजे काय हे तो जाणतो. बांधावरची वाट वापरीत राहिले तर आपली, सोडली तर दुसऱ्याची. त्यातून चमत्कारिक प्रकारही घडतात. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या भीतीने प्रवासी नाहीसे झाले, तरी युरोपात काही विमाने केवळ हक्क टिकविण्यासाठी जवळजवळ रिकामी उडत होती. अखेर तो नियमच तात्पुरता स्थगित करावा लागला. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर वर्षाला ४,८०,००० विमानांची मर्यादा आहे. तेथील वेळांची खरेदी-विक्रीही चालते. २०१६ साली सकाळच्या एका वेळेच्या जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजले गेल्याचे वृत्त होते. एक जोडी म्हणजे रोज एकदा उतरावयाचे व एकदा उडावयाचे, इतकेच!

भारतात वेळांची अशी उघड विक्री नाही, पण त्यांचे मोल कमी नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली. मुंबई-दिल्लीच्या तिच्या वेळा प्रवाशांची गैरसोय टाळण्यासाठी इतर कंपन्यांस वाटून देण्यात आल्या. पुढे तिला पुन्हा उभे करण्याच्या योजना झाल्या, पण विमाने भाड्याने आणता येतात, गेलेली वहिवाट परत आणणे सोपे नसते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विसर्जनाचा आदेश दिला. त्याला इतर कारणे अनेक होती, परंतु या कारणाची गणना त्यांत करावीच लागेल.

आता विमान कंपनीच्या बाजूने पाहू गेल्यास हिशेब निराळा दिसतो. विमानातील रिकामे आसन ही भाजीबाजारातील संध्याकाळच्या मेथीसारखी वस्तू आहे. दार लागले की तिची किंमत शून्य. म्हणून विमान भरलेले असावे आणि जमिनीवर कमीत कमी वेळ राहावे, हे दोन नियम सर्व कंपन्या पाळतात. आसने भरावयाची एक युक्ती म्हणजे मार्ग एका ठिकाणी आणून जोडणे. वीस गावे परस्परांना सरळ जोडावयाची तर १९० मार्ग लागतात. एका मध्यवर्ती ठिकाणाहून जोडली तर वीस पुरतात, आणि प्रत्येक मार्गावर प्रवाशांची दाटी होते.

ही युक्ती परदेशाने शोधली असे पुष्कळांस वाटते. पण तिचा एक फार सुंदर प्रयोग या भागाच्या ओळखीच्या आकाशात झाला होता. जानेवारी १९४९ पासून रोज रात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघत असे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटे प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. चार शहरांच्या सहा जोड्या, पण विमाने चारच. बालाघाट त्या वेळी ज्या प्रांतात होते त्याची राजधानीही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूरच होती. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे फेडरल एक्सप्रेस कंपनीने चौदा लहान विमानांनिशी पार्सलांची रात्रसेवा सुरू केली. तत्त्व अगदी तेच होते. पुढे ती जगातील बलाढ्य कंपन्यांत गणली गेली. नागपूरचा रात्रीचा बाजार मात्र मोडला.

देशाच्या मध्यभागी असणे एवढ्याने केंद्र टिकत नाही, हे त्यातून दिसून येते. नवी विमाने न थांबता दिल्लीहून मद्रासला जाऊ लागली आणि मध्यावर थांबण्याची गरज उरली नाही. प्रवाशांच्या वाहतुकीत तर ज्या गावाचे स्वतःचे प्रवासी पुष्कळ, तेथेच इतरांचे प्रवासी आणून जोडणे परवडते. म्हणून दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद ही केंद्रे झाली. गर्दीकडेच गर्दी जाते.

बिरसीची अडचण येथे आहे. लहान गावांसाठी वापरले जाणारे एटीआर विमान सुमारे ७८ प्रवाशांचे असते. मोठ्या मार्गांवरील एअरबस १८६ प्रवासी नेते. मुंबईत उतरताना दोघांना लागणारा धावपट्टीचा वेळ जवळजवळ सारखाच. उलट मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेत जे भोवरे उठतात ते शमेपर्यंत मागच्या लहान विमानाला अधिक अंतर ठेवावे लागते, म्हणजे लहानाचा खर्च जास्तच. शिवाय ८० पेक्षा कमी आसनांच्या देशी विमानांस उतरण्याचे शुल्क माफ करण्याचे धोरण भारतात दीर्घकाळ चालत आले आहे. ते हितकारक होते यात शंका नाही. परंतु विमानतळाच्या चालकाने तेच मिनिट कोणास द्यावे असा विचार केला, तर त्याचे मन कोणत्या बाजूस झुकेल हे सांगावयास नको.

सरकारने यावर उपाय केला नाही असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘उडान’ योजना जाहीर झाली व २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली हे तिचे पहिले विमान उडाले. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवावयाचा, त्या पैशातून लहान मार्गांवरील तूट तीन वर्षे भरून काढावयाची, आणि त्या मार्गावर तेवढा काळ दुसरा स्पर्धक येऊ द्यावयाचा नाही, अशी ही मांडणी आहे. तीन वर्षांत रोपटे मूळ धरील, मग पाणी घालावयास नको, ही कल्पना. प्रत्यक्षात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात पहिल्या तीन फेऱ्यांतील जे ७७४ मार्ग तपासले त्यांपैकी ३७१ च सुरू झाले होते, ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली होती, आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले होते अवघे ५४. पैशाची मदत तीन वर्षे मिळते, परंतु मोठ्या शहरी योग्य वेळी उतरण्याची जागा पैशाने मिळत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल तर वारासिवनीचा व्यापारी विमानाकडे वळावयाचा नाही. तो नेहमीप्रमाणे मोटारीने नागपूर गाठील.

बिरसीस १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी सेवा सुरू झाली. गोंदियाच्या लोकांनी पहिल्या विमानाचे स्वागत मोठ्या हौसेने केले, पण काही महिन्यांतच ती सेवा बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो कंपनीने हैदराबाद-गोंदिया-तिरुपती असे विमान सुरू केले. या दोन्ही मार्गांत मुंबई नव्हती. हैदराबादेत धावपट्टीची मिनिटे तुलनेने सुलभ, आणि तेथून पुढे जोडविमाने पुष्कळ, हे त्यामागचे गणित असल्यास ते शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

क्षमतेचे आणखी एक अंग असे आहे की ते धावपट्टीवर दिसत नाही. ते म्हणजे माणसे. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाहून नेणाऱ्या इंडिगोची घडी डिसेंबर २०२५ च्या आरंभी एकाएकी विसकटली. वैमानिकांना थकवा येऊ नये म्हणून सरकारने आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली होती व रात्रीच्या अवतरणांवर कडक मर्यादा घातली होती. नियम योग्य होते, मुदतही आधी कळविलेली होती, पण कंपनीचे वेळापत्रक माणसांच्या संख्येत बसेना. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. तिकिटांचे दर भडकले, तेव्हा सरकारला त्यांवर मर्यादा घालावी लागली, आणि कंपनीच्या उड्डाणांत दहा टक्के कपातीचा हुकूम निघाला. चार कंपन्या तुल्यबळ असत्या तर एकीचा अडथळा इतरांनी उचलून धरला असता. किंगफिशर २०१२ साली थांबली, जेट २०१९ साली, गो फर्स्ट २०२३ साली. प्रत्येक वेळी मोकळ्या झालेल्या वेळा वाटल्या गेल्या, आणि ज्याच्याजवळ विमाने अधिक त्याच्या ताटात त्यांतील मोठा वाटा पडत गेला.

योगायोग असा की ज्या वैमानिकांची वाण पडते ते घडविण्याचे एक ठिकाण बिरसीच आहे. विमानतळ प्राधिकरण व सीएई या कॅनेडियन कंपनीच्या सहभागाने उभी राहिलेली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तेथे आहे. सीमेलगतच्या गावांतील लोकांना तिच्या लहान विमानांचा घरघराट परिचयाचा आहे. प्रशिक्षणास मोकळे आकाश आणि मोकळी धावपट्टी लागते. मुंबईत ती कोठून मिळणार?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्यात एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवासी अशी त्याची योजना आहे. अखेरच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, एकमेकींना न छेदणाऱ्या. बिरसीच्या विमानाला मुंबईची सकाळ मिळावयाची असेल तर ती तेथेच मिळण्याचा संभव अधिक. सांताक्रूझच्या सात ते दहा या तासांची वहिवाट फार पूर्वीच पडून गेली आहे. नवी मुंबईच्या त्याच तासांची ती आता पडू लागली आहे. या वर्ष-दोन वर्षांच्या हंगामांत ज्या कंपन्या आणि ज्या गावांचे प्रतिनिधी मागणी नोंदवतील, त्यांच्या नावावर त्या वेळा लागतील. गोंदिया, बालाघाट व भंडारा येथील खासदार, व्यापारी मंडळे आणि दोन्ही राज्यांची सरकारे यांनी मिळून एका एटीआर विमानापुरती जागा मागावयाची असेल, तर त्यासाठी मोकळी असलेली मिनिटे दर हंगामागणिक कमी होत जातील.